मेहबूबभाईंचा पाव्हणा

मेहबूबभाईंच्या गॅरेजात चहा प्यायचा असेल, तर आधी पाव्हण्याची छाती दाबावी लागे. अट सगळ्यांना सारखी. ट्रक ड्रायव्हर असो, विमा एजंट असो, नाहीतर बंदोबस्तावरून आलेला पोलीस. चहा कपात ओतलेला, त्यावर साय धरतेय, आणि आलेला माणूस गुडघे टेकून, तळहातावर तळहात ठेवून पाव्हण्याला दाबतोय, हे शिरूरला नगर रोडच्या आमच्या गॅरेज लाइनीत रोजचं होतं. नवख्या माणसाला वाटायचं, इथं काहीतरी नवसाचं आहे. एकदोघं तर दाबून झाल्यावर पाया पडून गेले.

पाव्हणा म्हणजे एक गोणी. आत लाकडाचा भुसा, फाटक्या ट्यूबा आणि छातीच्या जागी ट्रकच्या सीटमधली स्प्रिंग. अंगात चौकटीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कोपऱ्यात फळ्या ठोकलेली एक कॉट होती, तिच्यावर हे गृहस्थ उताणे पडलेले असत. अंगावर गोधडी. इंदूरकडचा एक ड्रायव्हर एकदा ब्रेक दुरुस्त होईपर्यंत त्याच्या पायाशी आदबीनं बसून राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, "चाचा, इनकी तबीयत कब से खराब है?" मेहबूबभाई हाताचं ग्रीस पुसत म्हणाले, "इनकी ठीक है. तू दबा."

या गोणीवर मी जेवढं तोंडसुख घेतलंय तेवढं सबंध शिरूर तालुक्यात कुणी घेतलं नसेल. आणि आज हे लिहायला मी शिल्लक आहे तो तिच्यामुळंच. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

मी मेहबूबभाईंचा भिंतीचा शेजारी. अलीकडं माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट, पलीकडं त्यांचं ट्रकच्या एअर ब्रेकचं गॅरेज. ही गोष्ट सुरू झाली ती दोन हजार सालाच्या पुढच्यामागच्या वर्षांत. कॉम्प्युटर आले होते, पण सरकारी नोकरीच्या आशेनं पोरी अजून टाइपरायटर बडवायला येत होत्या. मी मुळात तापट माणूस. इकडं पोरींची बोटं कीबोर्डवर बसवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा, आणि तिकडून ट्रकची हवा सोडल्याचा असा फुस्सकारा यायचा की पोरी दचकून भलतंच बटण दाबायच्या. मी भिंतीवर डस्टर आपटायचो. पलीकडून पान्यानं उत्तर यायचं. आमची मैत्री अशी सुरू झाली.

एक दिवस हे स्वतःच माझ्या दारात. उंचेपुरे, अंगावर तेलकट खाकी, डोळ्यांत कळवळा. म्हणाले, "सर, पोरींना जरा जोरात बडवाया सांगा. पेशंट चाललाय."

मला काही उमगेना. मग कळलं ते असं. माझा वर्ग एका तालात टाइप करायला लागला की तो ताल भिंतीतून पलीकडं जायचा, आणि बंद पडलेल्या माणसाची छाती ज्या गतीनं दाबायची ती गती आणि माझ्या वर्गाची गती एकच, असा या गृहस्थांचा शोध होता. त्या तालावर ते पाव्हण्याला दाबत बसायचे. त्या दिवशी वर्गात नव्या पोरी होत्या, त्यामुळं पलीकडं पाव्हणा दगावत होता. मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ." आणि चहाआधी मला गुडघ्यावर बसवलं.

माझे कोपर वाकतात म्हणून ओरडले. मी दाबतो, पण हात पूर्ण वर येऊ देत नाही, म्हणून पुन्हा ओरडले. "सर, दाबणं कुणालाबी जमतं. सोडणं जमाया पायजे. तुम्ही सोडलं न्हाई तर काळजात रगत भरंल कवा?" हे त्यांचं पेटंट वाक्य. कुणी कुणाची मानगूट धरली, सासू सुनेला बोलली, नगरसेवक खुर्चीला चिकटून बसला, सगळीकडं हेच. दाबणं कुणालाबी जमतं.

हे सगळं खूळ कुठून आलं म्हणाल, तर दौंडहून. मेहबूबभाईंची सासुरवाडी दौंडची, मेहुणा तिथं रेल्वेत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एवढंच आमच्या लाइनीला ठाऊक होतं, आणि त्यापलीकडं विचारलं की ते ट्रकखाली जायचे. मेहुण्याकडं गेले असताना रेल्वेच्या लोकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग चालला होता, तिथं हे न बोलावता जाऊन पुढच्या ओळीत बसले. शिकवणाऱ्यानं विचारलं, तुम्ही कुठल्या खात्याचे? हे म्हणाले, ब्रेक खात्याचा. वर्ग संपेपर्यंत कुणी उठवलं नाही. परत आले ते गोणी शिवायला घेऊनच.

गाद्यांवर तर त्यांचा दातच होता. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी दोन्ही हातांनी गादी दाबून बघायचे आणि तोंड वाकडं करायचे. बबन वेल्डरच्या बहिणीच्या लग्नात रुखवताशेजारी पलंग आणि भलीमोठी गुबगुबीत गादी मांडली होती. बायका कौतुक करतायत, नवरदेवाकडची माणसं खूश. मेहबूबभाई पुढं झाले, गादी दाबली, आणि नवऱ्या मुलाच्या बापाला अगदी कळकळीनं म्हणाले, "लय मऊ हाय. हिच्यावर माणूस बंद पडला तर वाचायचा न्हाई. आधी खाली फरशीवर घ्या." मी त्यांना हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं. तरी जिलबी खाताना म्हणतात, खरं त्येच सांगितलं.

पण गोणीवर भागलं असतं तर ते मेहबूबभाई कसले. त्यांना यंत्र करायचं होतं. छाती दाबणारं यंत्र. माणसाचे हात थकतात, गाडी हिंदकळली की दाबणारा तोल जाऊन पडतो, यंत्र थकत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि यंत्र कशाचं, तर ट्रकच्या ब्रेकचं. ट्रकच्या चाकामागं हवेवर चालणारा एक डबा असतो. हवा भरली की त्यातून दांडा बाहेर येतो आणि ब्रेक दाबतो. तोच दांडा छातीवर उभा करायचा. कल्पना वाईट नव्हती. परदेशात अशी यंत्रं असतात हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र मी त्यांना सांगितलं की तुम्ही माणूस वाचवण्याआधी याचं आरटीओत पासिंग करून घ्या.

पहिली चाचणी नेमकी माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षा चालू असताना झाली. पुण्याहून परीक्षक आलेले, पोरी माना खाली घालून टाइप करतायत, आणि पलीकडं धाडकन आवाज झाला. मग कडकड. मग भिंतीच्या वरच्या झरोक्यातून भुशाचा लोट आत आला आणि परीक्षकांच्या टकलावर बसला. मी तावातावानं पलीकडं गेलो. पाव्हण्याचं पोट फाटलेलं, कॉटची फळी मोडलेली, आणि यंत्राचा दांडा त्याच्या छातीत रुतून बसलेला. मेहबूबभाई समोर उकिडवे बसले होते.

झालं होतं असं की त्यांनी डबा वापरला तो हँडब्रेकचा. त्याची रीत उलटी असते. त्यात दणकट स्प्रिंग असते, आणि हवा संपली की ती ब्रेक घट्ट धरून ठेवते, म्हणजे हवा गेलेला ट्रक उतारावरून सुटू नये. सगळा जन्म ट्रकखाली गेलेल्या माणसाच्या हाताला तोच डबा आपला वाटला. "ट्रकची हवा संपली तर ब्रेक लागला पायजे," ते पुटपुटले. "माणसाची हवा संपली तर सुटला पायजे. मी धरूनच बसलो की, सर." मग गोणी उलटी करून भुसा गोळा करायला लागले. मीपण घमेलं धरलं. परीक्षक आत शिंकत होते.

पुढं त्यांनी डबा बदलला, यंत्र दाबून सोडायला लागलं. पाबळला तंत्रशिक्षणाची शाळा आहे, तिथं जाऊन हलक्या पाइपांचा सांगाडा जोडून आणला. हलका कशाला? तर हेलिकॉप्टरात वजन चालत नाही म्हणून.

हो, हेलिकॉप्टर. ते राहिलंच. मेहबूबभाईंचं पक्कं मत होतं की आपल्याकडं रस्त्यानं पेशंट पोचत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की पाटसपासून सगळीकडं ट्रॉल्याच ट्रॉल्या. माणूस वरून न्यायला पाहिजे. आणि वर दाबायला जागा नसते, म्हणून यंत्र पाहिजे. आपल्या तालुक्यात तेव्हा साधी अँब्युलन्स ढकलून चालू करावी लागे, पण यांची तयारी झालेली. स्वतःचं वजन वाढू नये म्हणून दुसरी भाकरी बंद. भंगारवाल्याच्या काट्यावर दर आठवड्याला उभे राहायचे. कुणी आग्रह केला की हात आडवा. "नको. हेलिकॉप्टरात चालत न्हाई." जणू उद्याच बोलावणं येणार होतं.

निवडणुकीत एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावर उतरलं, तेव्हा अख्खं गाव पुढारी बघायला गेलं आणि हे यंत्र आणि मोजपट्टी घेऊन दार मोजायला गेले. आत आडवा माणूस मावतो का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पोलिसांनी उचललं. मला ठाण्यात बोलावणं आलं. फौजदारांच्या टेबलावर ते यंत्र ठेवलेलं, आणि फौजदार त्यापासून जरा लांब सरकून बसलेले. हे कशाचं आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, छाती दाबायचं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मलाही आत टाकतील असं वाटलं. तासभर समजूत घातल्यावर सोडलं आणि पिच्छा सोडवावा म्हणून म्हणाले, "पुढच्या वेळी यायचं असेल तर एखादा जबाबदार माणूस बरोबर आणा."

फौजदार ते बोलून विसरले. मेहबूबभाईंनी तो हुकूम समजून जपून ठेवला.

त्यानंतर एका वर्षी, उन्हं तापायला लागली होती तेव्हा, कसल्याशा उद्घाटनाला मंत्रीसाहेब हेलिकॉप्टरनं येणार असं कळलं. सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून हे माझ्या दारात. जबाबदार माणूस हवा होता. मी साफ नाही म्हणालो. दोन दिवस छातीत जळजळ होत होती, पित्त झालंय असं मी धरून चाललो होतो. पण बायको, आमची सुनंदा, आतून म्हणाली, "जावा की. एवढा त्यांचा चहा पिता." झक मारत गेलो.

गॅरेज लाइन सगळी मैदानावर आलेलीच होती. बबन वेल्डर, विमा एजंट, पंक्चरवाले, सगळे हेलिकॉप्टर बघायला. स्वागताला हलगीवाले उभे. यंत्र हातगाडीवर होतं, ते पोलिसांनी फाटकाशीच अडवलं. मी जबाबदार माणूस या नात्यानं पुढं झालो आणि फाटकावरच्या हवालदाराशी वाद घालायला लागलो. उन्हात घाम फुटला होता, डावा हात जड झाला होता, पण मी भांडताना कधी थांबलोय? मी म्हणत होतो की तुमच्या ठाण्यातला निम्मा स्टाफ माझ्याकडं टायपिंग शिकलाय.

माझी आठवण इथं संपते. पुढचं मी ऐकलेलं आहे. प्रत्येकाची हकीकत वेगळी, आणि प्रत्येकाच्या हकीकतीत तोच पुढं होता. त्यातलं सगळ्यांचं सारखं जेवढं आहे तेवढं सांगतो.

मी मुळासकट पडलो. माणसं धावली. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी कांदा आणा, एकानं तर पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. मेहबूबभाईंनी मला हलवलं, हाक मारली, श्वास बघितला. श्वास नव्हता. त्यांनी मोजपट्टी फेकली. कुणीतरी स्टेजवरची पांढरी गादी ओढत आणली होती, ती लाथेनं उडवली. मला कडक मुरमावर सरळ केलं आणि दाबायला सुरुवात केली. यंत्र दहा पावलांवर होतं. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही, असं बबन सांगतो.

दाबता दाबता चप्पलवाल्याला म्हणाले, "चप्पल पायात घाला आन् रांगेत या. ज्यानं ज्यानं माझा च्या पिलाय त्यो रांगेत या."

अख्खी लाइन आली. बबन आला, विमा एजंट आला, माझ्याशी भांडणारा हवालदार टोपी काढून आला, कारण त्यानंही चहा प्यालेला होता. एकाचे हात थकायच्या आत दुसऱ्याचे ठेवायचे, मधे खंड नाही. पाव्हण्यावर रोज हेच चाललेलं असायचं. मेहबूबभाई शेजारी बसून "सोडा, पुरतं सोडा" म्हणून ओरडत होते. मग त्यांना हलगीवाला दिसला. त्याला त्यांनी हातानं ताल धरून दाखवला. माझ्या वर्गाचाच तो ताल. म्हणाले, "ह्यो ठेका सोडायचा न्हाई. मंत्री आलं तरी न्हाई."

आणि मंत्री आले. धुळीचा लोट उडाला, पंखा थांबला, साहेब हात जोडून खाली उतरले. स्वागताला कुणी नाही. हार घेतलेला माणूसच रांगेत होता. हलगी चालू, पण त्यांच्यासाठी नाही. साहेबांनी काय चाललंय ते बघितलं, आणि खरं सांगायचं तर शहाण्यासारखं वागले. ताफ्यातली अँब्युलन्स गर्दीत अडकली होती, तिच्यातल्या डॉक्टरीणबाई पेटी घेऊन पळत आल्या. तरुण मुलगी. त्यांनी माझ्या छातीला चकत्या चिकटवल्या आणि सगळ्यांना हात काढायला सांगितले. सगळ्यांनी काढले. मेहबूबभाईंनी शेवटी काढले. बाईंनी शॉक दिला, मी उडालो, परत दाबायला लावलं, परत शॉक. आणि मग बाई म्हणाल्या, थांबा.

हलगीवाला तेवढा वाजवत राहिला. त्याला कुणी सांगायलाच विसरलं.

माझं काळीज चालू झालं होतं. पण बाई म्हणाल्या, तातडीनं पुण्याला न्यायला हवं आणि रस्ता गाड्यांनी भरलाय. साहेबांनी पायलटकडं बघितलं, पायलटनं घड्याळाकडं, आणि आतल्या मागच्या खुर्च्या काढायला सुरुवात झाली. पेशंट, डॉक्टर आणि आणखी एकच माणूस, तोही हलका. मेहबूबभाईंची हातगाडी एव्हाना कुणीतरी आत आणली होती. त्यांनी यंत्रावर हात ठेवला. बाईंनी यंत्र बघितलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, हे राहू दे. हे अजून माणसावर चाललेलं नाही. पण वाटेत परत थांबलं तर मला हात लागतील. तुमचं वजन किती?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या माणसानं इतकी वर्षं एका भाकरीवर काढली होती. त्यांनी लगेच सांगितलं, ग्रॅमसकट. यंत्र मैदानावर सोडून चढले.

आता एवढंच मला विचारू नका की वरून शिरूर कसं दिसतं. जन्मात एकदा हेलिकॉप्टरात बसलो, तेही बेशुद्ध. घोडनदी वरून कशी दिसते हे मेहबूबभाईंनाही सांगता येत नाही, कारण त्यांनी खिडकीतून बघितलंच नाही. बाईंनी मला नंतर सांगितलं. ते गुडघ्यावर बसून माझ्या छातीच्या वर दोन्ही हात नुसते धरून होते. बाई म्हणाल्या, काका, हात खाली घ्या, चालू आहे. ते घेईनात. शेवटी बाईंनी त्यांचा एक हात धरला, माझ्या छातीवर अलगद टेकवला आणि म्हणाल्या, दाबू नका, नुसतं ठेवा. इंजिनाच्या आवाजात ऐकायला काहीच येत नव्हतं. त्यांच्या तळव्याला ठोका लागला.

मला जाग आली तेव्हा छातीत अशा कळा येत होत्या की मी पहिलं वाक्य शिवीचं बोललो. सुनंदा रडायला लागली, आनंदानं. तोंडातून शिवी आली म्हणजे माणूस जागेवर आहे, असं तिचं म्हणणं. डॉक्टरांनी काळजाच्या नळीत अडकलेलं मोकळं केलं होतं. बरगड्या मोडल्या होत्या त्या मेहबूबभाईंनी. ते कोपऱ्यात स्टुलावर बसून होते, इस्त्रीचा शर्ट धुळीनं लाल. म्हणाले, "माफ करा सर. कट् आवाज आला, तवा कळलं बरोबर दाबतोय."

सुनंदा चहा आणायला खाली गेली. मी त्यांना म्हणालो, "मेहबूबभाई, तुमच्या गोणीला मी कधी नावं ठेवणार नाही." ते हसले नाहीत. स्टूल जवळ ओढलं आणि खाली बघत, कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसं सांगायला लागले.

"शमाला, माज्या बायकोला, दौंडातनं पुण्याला दवाखान्यात आणत हुतो, सर. जीपमधी. हंगाम हुता. पाटसच्या पुढं ट्रॉल्यांत गाडी अडकली आन् शमा बंद पडली. मला काय ठाऊक न्हवतं, पिच्चरमधी बघितल्यालं, तसं दाबाया लागलो. एकटाच. गादीवर. दुसरं कुणी न्हवतं हात द्याया. ड्रायव्हर यवतला म्हणला, चाचा, आता सोडा. मी न्हाई सोडलं. पुण्यापातुर दाबत आलो. दवाखान्यात दोघांनी माजे हात धरून बाजूला केले. मला वाटायचं, मी सोडलं म्हणून गेली."

आयुष्यभर जिभेवर जगलेला माणूस मी. त्यांचा हात धरला.

"काल हात काढला," ते म्हणाले, "आन् चालू ऱ्हायलं."

आणि मग तो पाच फूट दहा इंचांचा माणूस माझ्या पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून रडला. मीही रडलो. रडताना बरगड्या दुखत होत्या, म्हणून शिव्याही दिल्या. सुनंदा चहा घेऊन आली आणि आम्हाला बघून दारातच थांबली.

महिन्यानं मी इन्स्टिट्यूट उघडली. पलीकडं गेलो तर कॉट रिकामी होती. पाव्हण्याला त्यांनी खाली चटईवर झोपवलं होतं. दाबायला तेच बरं, म्हणाले. चहाची अट अजून आहे, उलट आता रांग लागते. हलगीवाला आठवड्यातून एकदा येऊन ठेका देऊन जातो. यंत्राचं कामही चालू आहे, त्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देते म्हणून सांगितलंय. आणि मेहबूबभाई दुसरी भाकरी खायला लागलेत. भंगारवाल्याच्या काट्याकडं फिरकत नाहीत.

गोधडी मात्र पाव्हण्याच्या अंगावर नव्हती. ती घडी करून त्यांनी त्या कॉटवर ठेवली होती. जुन्या साड्यांची, बारीक टाक्यांची. कुणाच्या हातची ते मी विचारलं नाही. "बसा," म्हणाले. "खाली फळी हाय. मऊ न्हाई."

आता रोज संध्याकाळी वर्ग सुटला की मी तिथं बसतो. ते ट्रकखालून बाहेर येतात, हात पुसतात, आणि शर्टावर काहीतरी लागलंय असं काहीबाही पुटपुटत माझ्या छातीवर तळहात ठेवतात. लागलेलं काही नसतं, उलट ग्रीसचा डाग त्यांच्याच हाताचा पडतो. अंगाला कुणी हात लावलेला मला खपत नाही, हे सगळ्या लाइनीला ठाऊक आहे. सुनंदा डागावरून कटकट करते.

"चालू हाय," ते म्हणतात, आणि चहा सांगतात. पण हात लगेच काढत नाहीत. ते आपण होऊन काढेपर्यंत मी बसून राहतो.